पहिल्या पानावरचं नाव

डॉक्टरबाईंनी आईकडं बघून विचारलं, "काय त्रास होतोय तुम्हाला?" आणि मी म्हणालो, "गुडघे दुखतात तिचे. वयच झालंय आता."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. साठीच्या, उंच, केस बारीक कापलेल्या बाई होत्या. माझ्याकडं बघून त्या हसल्या, पण त्या हसण्यात दटावणीच जास्त होती. "मी त्यांना विचारलं," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगू दे. इंग्रजी अडलं तर तुम्ही आहातच."

"सांग आई, काय होतंय ते," मी मराठीत म्हणालो. "गुडघ्यांचं सांग."

आईनं पदर नीट केला आणि मोडक्यातोडक्या पण स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "गुडघे ठीक आहेत. डोळ्यांतून पाणी येतं. बारीक अक्षर वाचलं की अर्ध्या तासात सुरू होतं. फेब्रुवारीपासून मला खूप वाचायचं आहे. म्हणून काळजी वाटते."

मी बघतच राहिलो. चार महिने ती आमच्या घरात होती. डोळ्यांचं ती माझ्याकडं एका शब्दानं बोलली नव्हती. किंवा बोलली असेल आणि माझं लक्ष नसेल.

डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, थेंब लिहून दिले, चष्म्याचा नंबर बदलायला सांगितला. प्रत्येक गोष्ट आईला समजावली, माझ्याकडं वळून पाहिलं नाही. निघताना आईशी हस्तांदोलन केलं. गाडीत बसल्यावर आई बराच वेळ बाहेरचं बर्फ बघत होती. मग म्हणाली, "बघ की शशी, मला विचारलं तिनं. मलाच!"

"इथं असंच असतं," मी म्हणालो. हे म्हणताना मला फार बरं वाटलं होतं. जणू ती पद्धत मीच पाडली होती.

ही गोष्ट सत्त्याण्णवच्या डिसेंबरातली, ओहायोतली. मी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. नंदिनी, माझी बायको, एका बँकेत लागली होती, आणि आमची तन्वी आठ महिन्यांची होती. आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत तेव्हा एकच रिवाज चालायचा. सहा महिने मुलाची आई, सहा महिने मुलीची आई. पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने राहता येत असे, म्हणून पाळ्या. एक आजी विमानात बसली की दुसरी उतरायची. मूल दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत असं रेटायचं, आणि या सगळ्याला आम्ही "आईला अमेरिका दाखवली" असं म्हणायचो. माझ्या आईनं अमेरिका बघितली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून. समोर शेजाऱ्याचं गॅरेज होतं.

आईचं नाव इंदुमती शेटे. कराडला मगदूमांच्या छापखान्यात तिनं तेहतीस वर्षं प्रुफं वाचली. मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले, तेव्हा पोटासाठी लागली ती तिथंच राहिली. दिवाळी अंक, पंचांगं, लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल, पीएचडीचे प्रबंध, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. लेखकाचं नाव छापलं जायचं, चित्रकाराचं, छापखान्याचं. प्रुफं वाचणाऱ्याचं नाव कुठंच नसायचं. तिला त्याचं काही वाटतं असं मला कधी जाणवलं नव्हतं.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तन्वीला मांडीवर घेऊन तिनं मला सांगितलं होतं, "फेब्रुवारीच्या वीस तारखेच्या आत मला पोचायला पाहिजे रे. गुरवसरांचा कोश छापायला घेतायत आप्पासाहेब."

आप्पासाहेब मगदूम म्हणजे छापखान्याचे मालक. आणि गुरवसर म्हणजे कॉलेजातले एक मास्तर. सरांनी चाळीस वर्षं गावोगाव हिंडून लोहार, कोष्टी, कुंभार, बुरूड यांच्या तोंडचे शब्द गोळा केले होते. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, आणि चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. सर वारले आणि डबे राहिले. सरांचं अक्षर असं की खुद्द त्यांच्या मुलाला वाचता यायचं नाही. सरांचे लेख वीस वर्षं वाचून वाचून ते एका आईलाच लागायचं.

"चिठ्ठी समोर ठेवून एकेक शब्द लावून घ्यायचाय," आई म्हणाली. "दीड-दोन वर्षांचं काम आहे." मग तन्वीच्या टोपीची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधत म्हणाली, "आप्पासाहेब म्हणाले, पहिल्या पानावर नाव घालतो. सरांच्या नावाखाली. संपादन साहाय्य, इंदुमती शेटे. असं."

"वा!" मी म्हणालो. टीव्हीवर तेव्हा कसली तरी मॅच लागली होती.

डॉक्टरबाईंचा प्रसंग मात्र माझ्या डोक्यात बसला. संक्रांतीच्या कार्यक्रमाला आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघायची. तिच्यासाठी मी लेख लिहिला, "अमेरिकेनं शिकवलेली व्यक्ती". आपल्याकडं माणूस कुणाचा तरी मुलगा असतो, कुणाची सून असते, तो स्वतः कुणीच नसतो. इथं अठराव्या वर्षी पोराला विचारतात आणि ऐंशीव्या वर्षी म्हातारीलाही विचारतात, तुला काय हवंय. या देशाचं मोठेपण त्याच्या इमारतींत नाही, या एका प्रश्नात आहे, वगैरे वगैरे. दवाखान्याचा प्रसंग मी अगदी रंगवून घातला होता. प्रुफं अर्थात आईनंच वाचली. नवा चष्मा लावून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि चार पानांत लाल पेन्सिलीनं सतरा खुणा केल्या.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. मग चष्म्यावरून बघत हसली. "पण माझ्यावर लिहिण्याआधी मला विचारलं नाहीस रे."

"घ्या! आईवर लिहायला परवानगी कसली?"

"तेही खरंच," ती म्हणाली, आणि कागद एकावर एक नीट रचून माझ्या हातात दिले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नंदिनीची आई जिन्यावरून पडली. पाय मोडला, तीन महिने अंथरूण. आमची पाळी कोलमडली. नंदिनीला नोकरीत कायम करायचं चाललं होतं, रजा मागायची सोय नव्हती. पाळणाघराच्या यादीत आमचा नंबर ऑगस्टमध्ये लागत होता. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांवर नुसते खेकसत होतो.

"आईंना विचारून बघ ना," नंदिनी म्हणाली. "राहतील का अजून."

"विचारायचं काय त्यात? राहील की."

"त्यांचं ते पुस्तकाचं काम आहे म्हणाल्या होत्या."

"अगं, छापखान्याची कामं ती. आज म्हणतात आणि चार वर्षांनी सुरू करतात. मी बघतो."

नंदिनीनं आईंना विचार म्हटलं होतं, एवढं इथं नोंदवून ठेवतो. पुढं बरीच वर्षं मी भांडणांत ते तिच्यावरच ढकलत आलो.

त्याच शनिवारी सकाळी आप्पासाहेबांचा फोन आला. आई तन्वीला आंघोळ घालत होती. पाण्याचा आणि तिच्या गुणगुणण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी कॉर्डलेस रिसीव्हर घेऊन पोर्चमध्ये गेलो.

"बाई हायत का?" आप्पासाहेब कराडहून ओरडून बोलत होते. लांबचा फोन म्हणजे ओरडायचंच असं त्यांच्या पिढीचं होतं. "त्यास्नी सांगा, कागद आलाय. फेब्रुवारीच्या वीसला मुहूर्त धरलाय. चिठ्ठ्यांचे डबे समदे पुसून मांडून ठेवल्यात. त्यांची खुर्ची बी नव्यानं विणून घेतली."

"आप्पासाहेब," मी म्हणालो, "आई आता ऑगस्टपर्यंत इथंच आहे."

"आँ? पर बाईंनी तर दिवाळीला पत्र धाडलं, येतोच म्हणून."

"नातीत जीव अडकलाय तिचा. तिनंच ठरवलंय."

"बाईंनी? सोताच?"

"हो. तिनंच सांगितलंय तुम्हाला कळवायला. तुम्ही दुसरं कुणी बघा."

"असं व्हय," आप्पासाहेब म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. "मग काय बोलायचं. त्यांची खुशी. कोल्हापूरला एक कुलकर्णी हाय, त्याला बघतो. आशीर्वाद सांगा नातीला."

मी आत आलो. आईनं बाथरूममधूनच विचारलं, "कोण होतं रे?"

"ऑफिसमधला."

मुदतवाढीचा फॉर्म मी सोमवारी ऑफिसात टाइप केला आणि संध्याकाळी आईपुढं ठेवला. ती पोळ्या लाटत होती, तन्वी रांगत रांगत तिच्या पायांशी आलेली. "आई, इथं सही कर. व्हिसाचं आहे." तिनं हात पुसले आणि सही केली. परक्या माणसाच्या लग्नपत्रिकेतला एक अनुस्वारही जिच्या नजरेतून सुटला नव्हता, तिनं माझा कागद वाचला नाही. पेन परत देताना एवढंच म्हणाली, "लवकर टाक हो पोस्टात."

संक्रांतीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. स्मरणिका वाटली गेली. मंडळाचे सेक्रेटरी सुधाकर माजगावकर यांनी माझा लेख व्यासपीठावरून वाचायला लावला. दवाखान्याच्या प्रसंगाला टाळ्या पडल्या. मी आईकडं हात केला, तसे सगळे वळून तिच्याकडं बघायला लागले. ती अवघडून उभी राहिली आणि नमस्कार करून बसली. खरं सांगतो, तिच्या तोंडावर अभिमान होता. लेखातलं तिनं सगळं खरं मानलं होतं.

नंतर तिळगूळ वाटताना माजगावकर तिच्याजवळ आले. मी शेजारीच होतो.

"काकू, झकास झालं. आता ऑगस्टपर्यंत आहात, तर गणपतीची पत्रिका तुमच्याकडूनच तपासून घेणार आम्ही."

"ऑगस्ट?" आई म्हणाली. "मी फेब्रुवारीत निघतेय."

"छे हो! शशीनं फॉर्म भरलाय ना मुदतवाढीचा? मलाच तर विचारलं त्यानं, कसा भरायचा म्हणून."

आईच्या तळहातावर तिळगुळाचा लाडू होता. तिनं मूठ मिटली. माझ्याकडं बघितलं नाही. "हो, हो," ती माजगावकरांना म्हणाली. "विसरलेच मी."

गाडीत ती तन्वीशी बोलत होती, आमच्याशी नाही. घरी आल्यावर तिनं बूट काढले, कोट खुंटीला लावला आणि मला म्हणाली, "आप्पासाहेबांना फोन लावून दे."

"आत्ता?"

"तिथं सकाळ झालीय. ते सहालाच उठतात."

संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मी नंबर लावला. लावताना सांगून टाकावं असं फार वाटलं, पण तोवर पलीकडं घंटी वाजायला लागली होती. आईनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. आप्पासाहेबांचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता.

"बाई! काय म्हणतीया नात? मी काय वंगाळ मानलं न्हाई हं. तुमच्या मुलानं सांगितलं समदं. तुम्हीच ठरवलंय म्हणल्यावर मी काय बोलणार? मुहूर्ताच्या आधीच कुलकर्णी परवापास्नं बसलाय कामाला. अक्षर लागत न्हाई त्याला, पर रेटतोय."

आई माझ्याकडं बघत होती. सरळ, डोळ्यांत. एवढा वेळ तिनं माझ्याकडं कधी बघितल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, आता ती सांगणार. सांगितलं असतं तर मी सुटलो असतो.

"होय, आप्पासाहेब," ती म्हणाली. "मीच ठरवलं. नातीला सोडवत नाही."

रिसीव्हर ठेवून ती खुर्चीत बसली. नंदिनी तन्वीला घेऊन आत निघून गेली.

"आई, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी?"

"म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी. नंदिनीच्या आईचा पाय... आणि तू नाही म्हणाली नसतीसच ना!"

"नसते म्हणाले," ती म्हणाली. "तू विचारलं असतंस तर राहिले असते मी. रडले असते एक दिवस, आणि राहिले असते. आप्पासाहेबांना माझ्या तोंडानं सांगितलं असतं. सहा महिने थांबा म्हटलं असतं. थांबलेही असते ते. सरांचे डबे बारा वर्षं पडून होते, अजून सहा महिन्यांनी काय होत होतं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजही शपथेवर सांगतो, आलं नव्हतं.

"मग आत्ता सांग ना त्यांना! मी बोलतो. माझी चूक झाली म्हणून सांगतो."

"त्या कुलकर्ण्याला उठवू खुर्चीवरून? आणि तू खोटं बोललास म्हणून गावभर करू?" तिनं चष्मा काढून पुसला. "तू माझ्या नावानं बोललास, शशी. आता ते नाव तुझ्याजवळच राहू दे."

नंतर ती भात लावायला उठली.

ऑगस्टपर्यंत तिनं तन्वीचं सगळं केलं. कुठं काही कमी पडू दिलं नाही. पहिलं पाऊल, पहिला शब्द, पहिला ताप, सगळं तिच्या हाताखाली झालं. रागाचा एक शब्द नाही, आदळआपट नाही. फक्त एक झालं. कुणीही तिला काही विचारलं की ती म्हणायची, "शशीला विचार." आई, भाजी कोणती करू? शशीला विचार. फिरायला येता का? शशीला विचारा. शेजारच्या बाईनं हातवारे करत विचारलं, तुम्हाला आमचा देश आवडला का. तिलाही आईनं इंग्रजीतून माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, माझ्या मुलाला विचारा. लोकांना वाटायचं, म्हातारी किती भाबडी, लेकावर किती जीव. मंडळात तर बायका सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. मी दोनदा तिच्यावर ओरडलो. एकदा तिच्यापुढं रडलो. "अरे, मी कुठं काय म्हणतेय?" असं म्हणून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ती कराडला परत गेली. कोश तीन वर्षांनी निघाला. पहिल्या पानावर सरांच्या नावाखाली कुलकर्ण्यांचं नाव होतं. आईनं स्वतःसाठी एक प्रत विकत घेतली आणि अख्खा कोश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. चिठ्ठ्या बघायला रोज दुपारी छापखान्यात जाऊन बसायची, असं मला आप्पासाहेबांनीच पुढं सांगितलं. पाच वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. कुलकर्ण्यांना न लागलेले शब्द तिनं लावले, चुकीचे लागलेले सुधारले, आणि तीन जाड वह्या आप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवून आली.

दोन हजार आठ साली दुसरी आवृत्ती निघायची ठरली, तेव्हा त्यांचा मला फोन आला. ऐंशी ओलांडली होती त्यांनी, पण ओरडणं तसंच होतं.

"शशिकांत, बाईंच्या वह्यांवर उभी हाय ही आवृत्ती. कुलकर्णी सोता म्हणतोय, माझं नाव काढा, बाईंचं घाला. बाईंना विचारलं, घालू का? तर म्हणत्यात, शशीला विचारा. मी म्हणलं, अवो, नाव तुमचं, तर हसत्यात नुसत्या. मग म्हणलं, तुम्हालाच विचारावं. छपाई उद्या सुरू हाय."

मी म्हणालो, तासाभरात कळवतो. आईला फोन लावला.

"आई, नाव घालायचं ना?"

"तू म्हणशील तसं."

"मी नाही म्हणणार. तू सांग. तुझं काम आहे, तुझं नाव आहे. तुला पाहिजे का, एवढंच सांग. हो किंवा नाही."

"तन्वी कशी आहे?" तिनं विचारलं. "आता सहावीत गेली असेल, नाही?"

"आई, पाया पडतो तुझ्या. एकदा सांग."

"उशीर झालाय रे, तुला सकाळी ऑफिस असेल," ती म्हणाली. आवाजात ना राग होता ना काही. "ठेवते."

मी फोनजवळ बसून राहिलो. घालू नका म्हणावं, तर दहा वर्षांपूर्वी हिरावलेलं मी पुन्हा हिरावणार होतो. घाला म्हणावं, तर तिला हवं आहे की नाही ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या होकाराचं नाव तिला नको असेल, अशीही शक्यता होती, आणि मला ती जास्त खरी वाटत होती. तास संपला तसा मी कराडचा नंबर लावला.

"घाला, आप्पासाहेब," मी म्हणालो.

"ब्येस! पर बाईंना विचारलं न्हवं तुम्ही? न्हाई, मागाहून काय व्हायला नको."

"विचारलं," मी म्हणालो. "तीच म्हणाली, घाला."